उघडी जाळी

टोयोटाच्या ‘जीआर जीटी’ या नव्या स्पोर्ट्‌स कारचा प्रोटोटाइप डिसेंबर २०२५ मध्ये जगासमोर आला, तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एकच वाक्य टाकलं होतं : ‘एवढी भोकंच पाडायची होती, तर पत्रा कशाला लावला?’ माझ्या मताला घरात या एकाच विषयापुरती किंमत आहे. कुणी गाडी घ्यायला निघालं की इंजिन, मायलेज, हप्ता बाकीचे बघतात आणि शेवटी म्हणतात, पत्रा कसा आहे ते नानांना विचारा. त्यामुळे ते वाक्य हसण्यावारी गेलं तसं निकाल म्हणूनही गेलं. आज त्या गाडीबद्दल माझं मत ते राहिलेलं नाही. ते कुठवर बदललं आणि कुठे येऊन अडलं, तेवढं सांगतो.

मी जांब्याचा. मुळशी तालुक्याच्या या टोकाला आमचं गाव. शेजारी पुनावळे, मारुंजी, नेरे. हिंजवडीचं आयटी पार्क इतकं जवळ की तिथे वाहतूक तुंबली की आम्हाला घरबसल्या कळतं. गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव अधूनमधून डोकं वर काढतो. भातखाचरातून उठून कारखान्यात गेलेल्या पिढीतला मी. भोसरीच्या एमआयडीसीत डाय मेकर होतो. गाडीचं बॉनेट, दरवाजा, फेंडर ज्या लोखंडी साच्यात दाबून निघतात, तो साचा जुळवायचा आणि त्यातून निर्दोष पत्रा निघेपर्यंत तो घासत राहायचा, हे डाय मेकरचं काम. त्यातही माझ्या वाट्याला जास्त करून स्किन पॅनेल आली. बाहेरून दिसणारा, रंग चढणारा पत्रा तो स्किन.

हा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. प्रेसखालून ड्रॉ होऊन, म्हणजे साच्यात ताणून दाबला जाऊन, पहिला नग निघाला की तो टेबलावर ठेवायचा आणि वरच्या ट्यूबलाइटच्या रेघा त्याच्यावर कशा पडतात ते वाकून, बाजूनं, उकिडवं बसून बघायचं. रेघ कुठे थरथरली, कुठे उगीच मुरडली, तिथे खोट. मग हातात सुती मोजा घालून तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसलेला खड्डा तळव्याला लागतो. मोजा का, तर घामट कातडी पत्र्याला अडकते आणि हाताला खोटं सांगते. त्यानंतर ऑइल स्टोन. पत्र्यावर लांबीच्या दिशेनं दगड मारला की उंच भाग चकाकतो आणि खोलगट भाग तसाच मळका राहतो. तो मळका डाग खडूनं वेढायचा, डायवर त्याची जागा शोधायची, तिथे काम करायचं आणि पुन्हा नग काढायचा. मोठं बॉनेट असलं की हे आठवडेच्या आठवडे चालतं.

या कामात उमेदीची वर्षं गेली की सुंदर कशाला म्हणायचं हे माणूस वेगळं ठरवत नाही, ते हातात मुरून बसतं. माझ्यापुरता सुंदर पत्रा म्हणजे न तुटलेला पत्रा. पुढच्या दिव्यापाशी निघालेली उजेडाची रेघ अखंड जाऊन मागच्या दिव्यापाशी विझली पाहिजे. भोक हा त्यात अडथळा, आणि नुसता दिसण्याचा नाही. ड्रॉ करताना पत्रा सगळीकडून ताणलेला असतो. मधोमध तुकडा कापून काढला की त्या जागचा ताण सुटतो, कडा सैल पडते आणि तिच्या आजूबाजूची उजेडाची रेघ वाकते. मग ती कड आत दुमडा, बर म्हणजे कापल्या जागी राहिलेली धारदार कोर काढा, दुमडताना कोपरा फाटला तर पुन्हा पहिल्यापासून. फेंडरवर उघडं भोक असलेलं ड्रॉइंग आलं की टूलरूममध्ये कुणाच्याही तोंडून आधी शिवीच निघे.

पुढे गाड्या फुगत गेल्या, एसयूव्हीचं पेव फुटलं, तशी ड्रॉइंगवर जाळ्यांची संख्याही वाढली. फेंडरवर जाळी, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत जाळी, बॉनेटवर नाकपुडी. पहिलं तसलं ड्रॉइंग आलं तेव्हा आम्ही धसका घेतला. सेक्शन, म्हणजे आडव्या छेदाचं चित्र, उघडून बघितला तर खाली पत्रा बंद! नुसता उथळ खळगा, त्यात दोन बारीक छिद्रं आणि त्यांत चाप बसवलेला काळा प्लास्टिकचा तुकडा. हवा जायचा प्रश्नच नाही. आम्ही तिला ‘बंद जाळी’ म्हणायचो. करायला सोपी, त्यामुळे आमची तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर आम्ही खूश होतो. पण एवढं झालं की तेव्हापासून कुठल्याही गाडीवर जाळी दिसली की माझ्या मनात ती बंदच असते. हिंजवडीच्या सिग्नलला शेजारी एखादी डरकाळ्या फोडणारी गाडी थांबली की मी तिच्या जाळीत बोट घालून बघायच्या मोहात पडतो. एकदा घातलंही होतं. मालक काच खाली करून बघत होता, म्हणून पुढचं सांगत नाही.

ही झाली माझी नजर. आता जपानी स्पोर्ट्‌स कारबद्दलची माझी जुनी मतं सांगतो, म्हणजे जीआर जीटी बघताना मी कुठे उभा होतो ते कळेल.

टोयोटाची २०००जीटी मला जगातल्या कुठल्याही इटालियन गाडीच्या पंक्तीत बसवावीशी वाटते. १९६५च्या टोकियो मोटर शोमध्ये तिचा प्रोटोटाइप दाखवला. रेखाटन सातोरू नोझाकी यांचं, बांधणी यामाहाच्या कारागिरांच्या हातची. १९६७ ते १९७० या काळात सगळ्या मिळून ३५१ गाड्या निघाल्या. जेम्स बाँडच्या सिनेमासाठी तिचं छत काढलं होतं, तरी ती ओकीबोकी दिसली नाही. मागच्या चाकावरून पत्रा जसा वर येऊन खाली उतरतो, तसा उतार डायमध्ये आणायचा म्हणजे काय, ते ज्यानं कधी डाय घासली आहे त्यालाच कळेल. दुसरी माझदाची ‘आरएक्स-व्हिजन’. ती २०१५ला टोकियोत दिसली आणि पुढच्या वर्षी पॅरिसला सर्वांत सुंदर कन्सेप्ट कारचा मान घेऊन आली. तिच्या बाजूला एकही कोरीव रेघ नाही, सगळा खेळ सावलीचा. ती विकायला कधी आलीच नाही. माझ्या मनात तिचं स्थान अढळ राहण्यात याचाही वाटा असावा.

आणि न आवडणारी म्हणजे निस्सान जीटी-आर. तिचा प्रोटोटाइप २००५ला आणि प्रत्यक्ष गाडी २००७ला आली. ठोकळेबाज खांदे, मोडल्यासारखं छत, मागे चार गोल दिवे. निस्सानचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख शिरो नाकामुरा उघडपणे सांगत की ही गाडी युरोपची नक्कल वाटता कामा नये, आणि त्यासाठी ते थेट ‘गुंडम’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या यंत्रमानवांकडे बोट दाखवत. मला वाटे, कौतुकानं सांगण्यासारखी ही गोष्ट आहे का? भारतात ती २०१६च्या डिसेंबरात आली, एक कोटी नव्व्याण्णव लाखांना. तिचा हवेच्या अवरोधाचा आकडा ०.२७ होता, म्हणजे दिसायला कितीतरी गुळगुळीत असलेल्या गाड्यांपेक्षा कमी. हा आकडा मला तेव्हाही माहीत होता. ठोकळ्यासारखी दिसणारी गाडी हवेतून इतकी सहज कशी जाते, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. मला तो पडला नाही. मी आकडा वाचला आणि पान उलटलं.

टोयोटानं जानेवारी २०२२मध्ये टोकियो ऑटो सलोनला ‘जीआर जीटी३ कन्सेप्ट’ दाखवली होती. लांबलचक खाली झुकलेलं बॉनेट, मागे सरकवलेली केबिन. मला वाटलं, चला, २०००जीटीच्या घरात पुन्हा पाळणा हलला. नंतर २०२५च्या जुलैत इंग्लंडमधल्या गुडवुडला काळ्यापांढऱ्या नक्षीच्या वेष्टनात एक गाडी धावली. वेष्टनाखाली ती सुंदरच असणार, असं मी गृहीत धरलं. डिसेंबरात वेष्टन उतरलं आणि माझा विरस झाला. नाक बोथट. तोंड सगळं आ वासलेलं. पुढच्या चाकांमागे मोठाल्या फटी. कन्सेप्टमधली ती सळसळ कुठे गेली, असं मी त्या दिवशी दहा जणांना विचारलं असेल.

गाडीची मापं अशी : लांबी ४,८२० मिलिमीटर, रुंदी पूर्ण दोन मीटर, उंची फक्त १,१९५. चार लिटरचं व्ही-८ इंजिन, त्याला दोन टर्बो आणि सोबत एक विजेची मोटर. मिळून साडेसहाशे पीएसच्या वर ताकद आणि ताशी ३२० किलोमीटरच्या वर वेग, असं लक्ष्य. सांगाडा सगळा अ‍ॅल्युमिनियमचा, टोयोटाच्या इतिहासात पहिल्यांदाच. बाह्यांगात कार्बन फायबरचाही वापर. म्हणजे ‘पत्रा कशाला लावला’ हा माझा विनोद मुळातूनच लंगडा होता, कारण माझ्या ओळखीचा पोलादी पत्रा तिथे नव्हताच. आमच्या गावच्या रस्त्यावर ही गाडी आली तर समोरून येणाऱ्या टेम्पोला मागे जावं लागेल आणि पहिल्या गतिरोधकावर तिचा प्रवास संपेल, पण तो दोष गाडीचा म्हणता येणार नाही.

टोयोटानं सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली होती. एरवी आधी डिझाइनर आकार काढतो आणि मग हवेचा अभ्यास करणारे इंजिनिअर त्यात दुरुस्त्या सुचवतात; या गाडीत म्हणे क्रम उलटा ठेवला. हवेच्या दृष्टीनं आदर्श आकार आधी ठरवला आणि बाह्यरूपाचं काम त्यावर नंतर केलं. मी म्हटलं, आली पळवाट. बिघडलेल्या पत्र्याला टूलरूममध्येही अशीच कारणं शोधली जातात. सुरकुती पडली की कुणीतरी म्हणतंच, ती डिझाइनमध्येच आहे.

माझी पुतणी हिंजवडीत एका कंपनीत काम करते. तिच्याच शब्दांत सांगायचं तर ती दिवसभर संगणकात हवा सोडते. परदेशी गाड्यांचे आकार तिच्याकडे येतात आणि त्यांच्या भोवतीनं, खालून, आतून हवा कशी जाईल याचा हिशेब ती मांडते. ग्रुपवरच्या माझ्या वाक्यावर घरात सगळ्यात कमी हसली ती. एका रविवारी जेवायला आली तेव्हा म्हणाली, “नाना, तुम्ही त्या गाडीचं एकेक भोक मनातल्या मनात बुजवा आणि काय होईल ते मला सांगा.”

“काय व्हायचंय? गाडी चांगली दिसेल.”

“दिसेल. पण रेडिएटरमधून आत शिरलेली गरम हवा जाणार कुठं?”

मी म्हटलं, खालून जाईल, सगळ्या गाड्यांची जाते तशी. तिनं लॅपटॉप काढला. जीआर जीटीचा आकार तिच्याकडे असणं शक्यच नव्हतं. सरावासाठी वापरतात तसली एक सर्वसाधारण गाडी होती. ती म्हणाली, बॉनेटखाली कोंडलेली हवा गाडीखाली सोडली की खालचा दाब वाढतो आणि पुढचं टोक हलकं होतं. हलकं झालेलं टोक वळणावर स्टिअरिंगचं ऐकत नाही. तीच हवा वरच्या अंगानं किंवा चाकामागून बाजूला काढून दिली तर पुढची चाकं रस्त्यावर टेकून राहतात. चाकाच्या खोबणीचंही तेच. फिरता टायर हवा आत ढकलत राहतो, तिथे दाब साठतो, त्याला वाट द्यावी लागते. “आणि या गाडीत टर्बो कुठं बसवलेत ते बघितलं का तुम्ही?” मी बघितलं नव्हतं. दोन्ही टर्बो इंजिनच्या ‘व्ही’च्या, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांच्या, मधोमध आहेत. इंजिन आटोपशीर होतं, पण सगळी धग बॉनेटच्या बरोबर खाली येऊन बसते. शिवाय तेलाची टाकी इंजिनच्या बुडाशी न ठेवता वेगळी केली आहे, त्याला ड्राय संप म्हणतात. त्यामुळे इंजिन आणखी खाली बसवता आलं. माझ्या लाडक्या खाली झुकलेल्या बॉनेटचा हा हिशेब होता. बॉनेट खाली हवं तर आत दाटी होणार, दाटी झाली की धग साठणार आणि धगीला बाहेर पडायला वाट लागणार.

मी लगेच मानलं असं नाही. म्हटलं, हवा ही काय एवढी मोठी गोष्ट आहे? त्यावर तिनं आकडा सांगितला. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. आपल्या एक्स्प्रेसवेवर शंभरनं जाताना गाडीवर हवेचा जेवढा जोर असतो, त्याच्या दहापट जोर ३२०ला असतो. शंभरच्या वेगात जिची दखलही घ्यावी लागत नाही अशी उचल तीनशेवीसला दहापट होते.

वाऱ्याच्या जोराचा विषय निघाला तसं मला आमचं खळं आठवलं. वडील भात उफणायचे तेव्हा तिवई कुठे ठेवायची यावरून रोज वाद. चुलते म्हणत, गोठ्याच्या आडोशाला घ्या, उन्हाचा त्रास नाही. वडील ऐकायचे नाहीत. कारण गोठ्याच्या भिंतीआड वारा सरळ येत नाही. तो भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे गिरकी घेतो, त्या गिरकीत फोलपट पुढे न जाता परत राशीवर येऊन पडतं. दिवसभराचं काम पुन्हा करावं लागे. मी हे पुतणीला सांगितलं तर ती ताडकन म्हणाली, “नाना, गाडीच्या मागे हेच होतं! ती गिरकी गाडीला मागे ओढते.” म्हणून शेपटाची कड अशी एका जागी ताठ कापायची की वाऱ्यानं तिथेच गाडी सोडावी, गोल उतारावरून हळूहळू सुटत बसू नये. मी ज्या गोल उतारांवर जीव टाकत आलो, तिथे वारा कधी इथे सुटतो कधी तिथे.

तिनं मग ऑडी टीटीचं उदाहरण दिलं आणि मला तिथे गप्प बसावं लागलं. १९९८ला आलेली ती गाडी माझ्या आवडत्यांपैकी. छत आणि शेपूट मिळून एकच स्वच्छ कमान, कुठेही पंख नाही, कड नाही. जगभर तिच्या रूपाचं कौतुक झालं. आणि जर्मनीतल्या महामार्गांवर, फार मोठ्या वेगात अचानक वळताना तिची मागची चाकं सुटून अपघात झाले, माणसं गेली. कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, मागे एक छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शनमध्ये फेरफार केले, घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. त्या सुंदर कमानीवरून जाणारी हवा गाडीचा मागचा भाग वर उचलत होती. ही बातमी मी तेव्हा वाचलेली होती. स्पॉयलर लावलेली टीटी बघून मी हळहळलोही होतो : कशाला चिकटवली ही पट्टी, छान रेघ तोडली. माणसं गेल्याची बातमी आणि तुटलेल्या रेघेची हळहळ या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी होत्या आणि एकमेकींशी बोलल्याच नाहीत. हे लिहिताना बरं वाटत नाही.

त्यानंतर मी जीआर जीटीचे फोटो पुन्हा काढून बसलो. या वेळी उजेडाची रेघ न बघता हवेची वाट शोधत गेलो. नाकातून आत, रेडिएटरमधून पार, मग कुठून बाहेर? टायरनं ढकललेली हवा कुठून निघते? दारांखालची कड एवढी खाली का? एकेक भोकाला उत्तर सापडत गेलं, आणि एकेक उत्तर सापडलं की ते भोक मला भोक वाटेना. डाय मेकरला यात एक वेगळीच गंमत आहे. आमच्यासाठी स्किन पॅनेलला एकच बाजू असते, बाहेरची. आतली बाजू कुणी बघत नाही, तिथे ओरखडा चालतो. या गाडीत हवा बाहेरून जाते तशी आतूनही जाते. आतली बाजूही स्किनच झाली म्हणायची. एवढी वर्षं पत्र्यात काढून ही दुसरी बाजू मला एका मुलीनं रविवारी दाखवली.

तरी सगळंच गळी उतरलेलं नाही. ‘आधी हवा, मग रूप’ हे टोयोटाचं म्हणणं मला आजही अर्धंच खरं वाटतं, आणि यावर पुतणीचं नि माझं अजून पटलेलं नाही. निव्वळ हवेला विचारलं असतं तर तिनं इंजिन पुढे ठेवायला सांगितलं असतं का? वेगाच्या मागे लागलेल्या बहुतेक गाड्यांत ते माणसाच्या पाठीमागे असतं आणि नाक आखूड असतं. इथे इंजिन पुढे, पण पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेलं, गिअरबॉक्स पार मागच्या चाकांपाशी. वजनाची वाटणी पुढे ४५, मागे ५५. त्यातून लांब बॉनेट आणि मागे सरकलेली केबिन आपोआप येते. २०००जीटीचं रूप हेच होतं. पुढे दहा सिलिंडरांच्या आणि फक्त पाचशे निघालेल्या लेक्सस एलएफएचंही हेच. हवेला बोलावण्याआधी कुणीतरी घराणं ठरवलेलं होतं. एखाद्या माणसानं कागदावर पहिली रेघ ओढली, ती लांब बॉनेटचीच ओढली, आणि मग वाऱ्याला विचारलं की आता यात तू कुठे कुठे बसतोस. मला ही कल्पना टोयोटाच्या खुलाशापेक्षा जास्त आवडते. पुतणी म्हणते, हा तुमचा हट्ट. असेल.

घराण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. या गाडीबद्दल बोलताना टोयोटानं ‘शिकिनेन सेंगू’चा दाखला दिला. जपानमधल्या इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं उभारतात; याआधी २०१३ला उभारलं, आता २०३३ला. जुनं पडायला आलेलं असतं म्हणून हे करत नाहीत. वीस वर्षांत सुतारांची एक पिढी म्हातारी होते, तिच्या हातातलं पुढच्या हातात जायला काम लागतं, हेही त्यामागे आहे. टोयोटाचं म्हणणं असं की २०००जीटी आणि एलएफएच्या मागोमाग ही गाडी त्याच साखळीतली आहे. गाडी विकायच्या भाषेत हे थोडं जास्तच गोड वाटतं, पण मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा निघाला. मी निवृत्त झालो तेव्हा टूलरूममध्ये निळ्या प्रकाशाचा स्कॅनर आलेला होता. पत्र्यावर प्रकाश टाकतो आणि पडद्यावर रंगीत नकाशा देतो : उंच तिथे लाल, खोल तिथे निळा. नवी पोरं हातमोजा घालायचीच नाहीत. मी त्यांच्यावर डाफरायचो. पुतणीच्या लॅपटॉपवर हवेच्या दाबाचा नकाशा बघितला तर तसाच, दाब जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की त्या पोरांना डाफरण्याआधी एकदा पडदा नीट बघायला हवा होता. टोयोटा आता छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना काढणार आहे, वीस हजार कोटींचा. महाराष्ट्र सरकारशी जुलै २०२४मध्ये तसा करार झाला. तिथे जीआर जीटी काही बनणार नाही. पण तिथल्या प्रेस शॉपमध्ये एखादा पोरगा मोजा घालून पत्र्यावर तळवा फिरवताना दिसला, तर मला चालेल; आणि पडद्यावरचा नकाशा बघताना दिसला, तरीही आता चालेल.

राहिलं ते तोंड. जीआर जीटीचं पुढचं तोंड मला अजून आवडत नाही. त्या मोठ्या जबड्याची गरज समजली, पण समजणं आणि आवडणं यांत माझ्यापुरतं तरी अंतर आहे. दिवे जरा जास्तच बारीक, जबडा जरा जास्तच रुंद. गाडी २०२७च्या सुमारास विक्रीला येणार आहे. तोपर्यंत कुणाला सुबुद्धी झाली तर बरं.

आणि एक गोष्ट आता कबूल करायला हरकत नाही. त्याच दिवशी, त्याच मंचावर टोयोटानं तिची सख्खी बहीणही दाखवली होती, ‘लेक्सस एलएफए कन्सेप्ट’. सांगाडा तोच अ‍ॅल्युमिनियमचा, दोन चाकांमधलं अंतर तेच २,७२५ मिलिमीटर, उंचीही तीच. मोठा फरक हा की ही पूर्ण विजेवर. आत इंजिन नाही, टर्बो नाहीत, ती धग नाही. त्यामुळे हिचं अंग कितीतरी शांत आहे, उजेडाची रेघ लांबपर्यंत जाते. दोघींचे फोटो शेजारी ठेवले की कुठली भोकं धगीसाठी होती ते कुणीही सांगू शकेल. इतकं सगळं पटूनही माझा डोळा पुन्हा पुन्हा लेक्ससवर जातो. तळव्यातली सवय आहे, ती एका रविवारात जायची नाही.

हे पुतणीला सांगितलं तर ती म्हणाली, “जास्त जीव लावू नका नाना. ती अजून कन्सेप्ट आहे. बॅटरी पण तापते. विकायला येईल तेव्हा हिच्या अंगावर पण भोकं येणार.”

म्हटलं, येऊ देत. फक्त ती आरपार असू देत म्हणावं, खाली पत्रा नको.